पाणी उतरेपर्यंत

आक्कांच्या गळ्यात वीणा होती म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत, नाहीतर तो रिकामा कोपरा दिसताच त्या ओरडतच सुटल्या असत्या.

काल घरी जाताना त्यांनी संघप्रियाला त्या कोपऱ्यात झोपलेली पाहिली होती. एका कुशीवर, पोटाखाली उशी सारून. शेजारी तिची सासू शेवंताबाई पाय लांब करून भिंतीला टेकलेली. आज देवळातला काकडा संपला, आक्कांनी पहाऱ्याची वीणा गळ्यात घेतली, नाम घेत पहिली फेरी मारली आणि बघतात तर काय, कोपऱ्यात नुसती घडी घातलेली गोधडी. पोर नाही, सासू नाही, कपड्यांचं गाठोडं नाही. दिवस भरत आलेली पोर, गावाला तिन्ही अंगांनी पंचगंगेचं पाणी, आणि ही गेली कुठं? जाईल तरी कुठं?

"रामकृष्ण हरी," आक्का पुटपुटल्या.

मळेवाडीच्या समोर, नदीपलीकडं, कसबा बावडा. तिथल्या साखर कारखान्याचं धुराडं गावातून दिसतं, पण पूल पाण्याखाली गेला की तेच धुराडं मुंबईइतकं लांब होतं. आणि नेमका दरवर्षी त्याच दिवसांत गावचा श्रावणातला सप्ता असतो. सप्त्याचा नेम साधा: सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दिवसरात्र, कुणीतरी उभं राहून नाम घेत तिचा पहारा करायचा. ती खाली टेकली की सप्ता मोडला. पूर्वी पहाऱ्याला फक्त पुरुष असत. आक्कांनी कमिटीशी भांडून बायकांचा पहारा मिळवला आणि सकाळचा पहिला आपल्याकडं ठेवला.

त्यांचं खरं नाव धोंडुबाई, पण ते आता रेशनकार्डावरच उरलं होतं. कीर्तन म्हटलं की ही बाई तहानभूक विसरायची. कुठल्या बुवांचा आवाज पहाडी, कुणाचा गळा गोड पण दृष्टांत शिळे, कुणाचा मृदंगवाला घाई करतो, सगळं त्यांना तोंडपाठ. दृष्टांतात कुणी उपाशी निजलं की आक्कांचा पदर डोळ्याला लागलाच म्हणून समजा.

ही माणसं मंडपात आणली तीही आक्कांनीच. सप्त्याच्या मधल्याच दिवशी पाणी खालच्या बौद्ध वस्तीत शिरलं. बायका-पोरं, म्हातारी माणसं डोक्यावर बोचकी घेऊन वरच्या गावात आली आणि देवळासमोर भिजत उभी राहिली. कमिटीचा अध्यक्ष विजयसिंह, तोच दूध संस्थेचाही अध्यक्ष, म्हणाला, "माळावरच्या जुन्या शाळंत सोय करूया."

"त्या शाळंत गावाची जनावरं बांधलीत," आक्का कडाडल्या. "वरचा पत्रा निम्मा उडालाय. तिथं माणसं घालतोस व्हय?"

"मग कुठं घालू? मंडपात सप्ता चाललाय आक्का. कीर्तन करायचं का छावणी?"

"दोनी करायचं. देव हुबाच असतोय, त्याला कुठं झोपाय जागा लागतीय? जागा माणसास्नी लागती."

लोक हसले, बुवाही हसले, आणि विजयसिंहाला गप्प बसावं लागलं. मंडपाच्या मधोमध दोरी बांधली. दोरीच्या एका अंगाला कीर्तन, दुसऱ्या अंगाला संसार.

सोय करू म्हणणं सोपं, करणं काय असतं ते मग कळायला लागलं. संडास एकच, आणि त्याच्यापुढं रांग देवाच्या दर्शनाला नसेल एवढी. पताकांच्या दोऱ्यांवर ओली लुगडी वाळत पडली. जनरेटरच्या बोर्डाला मोबाईलांचे घोसच्या घोस लटकले. मृदंगावर थाप पडली की तान्ही पोरं दचकून रडायची, आणि पोरं रडली की टाळकऱ्यांचा ठेका चुकायचा. शेवंताबाईचा नवरा अण्णासो तर म्हशीशिवाय यायलाच तयार नव्हता. "म्हस आदी, मग मी," म्हणून गळाभर पाण्यात अडून बसला. शेवटी म्हैसही आली आणि मंडपाच्या बाहेरच्या मेढीला बांधली. कीर्तन रंगात आलं की ती हंबरायची. बुवा एकदा थांबून म्हणाले, "बघा, तिला चाल कळली. मागच्या टाळकऱ्यांस्नी अजून न्हाय कळली." सगळा मंडप हसला, दोरीच्या दोन्ही अंगांनी.

पंगत एकच बसेल हे आक्कांनी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं होतं. शेवंताबाईनं प्लॅस्टिकात गुंडाळून बाबासाहेबांचा फोटो छातीशी धरून आणला होता, तो कुठं ठेवायचा यावर कुजबुज सुरू झाली तेव्हा आक्कांनी स्वतः हातोडी घेतली आणि खांबाला खिळा ठोकला. शेवंताबाईनं फोटो नीट सरळ केला आणि चुलीकडं कांदे चिरायला जाऊन बसली. त्या दिवसापासून आक्का घरी जाताना जरा ताठ चालायच्या. आपण केलं ते देवानं बघितलं असणार, असं काहीतरी आत गोड गोड वाटायचं.

संघप्रियावर त्यांचा विशेष जीव जडला होता. बी.कॉम. झालेली, हसरी, पोटाचा एवढा भार घेऊनही वाती वळायला येऊन बसणारी. "मला देवधर्मातलं काही कळत नाही आक्का, पण वाती सरळ होतात की नाही बघा." तिचा नवरा प्रसेनजीत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, पाणी वाढलं त्या दिवशी कामावर गेलेला, तो रस्ते बंद झाल्यानं तिकडंच अडकला होता. आक्कांची सून वर्षाराणी गावात आशा सेविका. तिनं संघप्रियासाठी बोट मागितली होती, पण धारेला ओढ एवढी की बोट येईना. ओढ कमी झाली की येईल, तोवर पोरीला इथंच जपायची, एवढंच सगळ्यांच्या हातात होतं.

आणि आज कोपरा रिकामा.

आक्का नाम घेत घेतच मंडपाच्या कडेला गेल्या. बाहेर अण्णासो म्हशीपुढं वैरण टाकत होता.

"अण्णासो, पोरगी कुठाय?"

अण्णासोनं मान वर केली. "मला इचारतासा? तुमीच धाडली न्हवं?"

"मी?"

"विजयसिंह आलता की फटफटायला, ट्रॅक्टर घिऊन. म्हणला, आक्कांनी सांगितलंय, पोरीला निवांत जागंत न्या. आमची बाय एका शबदानं न्हाय म्हणली न्हाय. आक्का म्हणल्यात म्हंजे बऱ्यासाठीच आसंल, म्हणली आन बसली ट्रॉलीत."

"कुठली निवांत जागा?"

"शाळा. माळावरली." अण्णासोनं वैरणीचा मुठका झाडला. "मी म्हणलं मीबी येतो म्हस घिऊन. तर म्हणला, तिथं आता जनावराला जागा न्हाय."

तोंडातलं नाम थांबलं. पहाऱ्यात नाम थांबवायचं नसतं, पण थांबलं.

कारण त्यांना आठवलं. काल कीर्तन आटोपल्यावर पंगतीच्या गडबडीत विजयसिंह त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. अगदी मायेनं म्हणाला होता, "आक्का, त्या पोरीला हितं झोप लागत नसंल न्हवं? सारखा टाळमृदंग." आणि आक्का कौतुकानं म्हणाल्या होत्या, "न्हाय की रं. निवांत जागा मिळाली तर लई बरं हुईल बिचारीचं. बघ की कुठं जमतंय काय." आणि भाताचं पातेलं घेऊन पुढं गेल्या होत्या. आपण पोरीची काळजी घेतली, एवढंच मनात ठेवून.

विजयसिंह चहाचा पेला हातात घेऊन मंडपात आला तेव्हा आक्का दोरीपाशी उभ्या होत्या.

"त्या पोरीला शाळंत घातलीस?"

"पहाऱ्यात बोलू नये आक्का."

"घातलीस काय?"

त्यानं पेला खाली ठेवला. "हे बघा. पोरीचे दिवस भरलेत. मंडपात बाळंत झाली तर जागंला इटाळ. इणा खाली ठेवाय लागंल. काला न्हाय, म्हाप्रसाद न्हाय. पंचक्रोशीत कुणाला तोंड दाखवू? हे मी तुमच्याच सप्त्यासाठी केलंय. आन तुमीच म्हणलासा, निवांत जागा बघ."

"मी जनावरांत घाल म्हणलं व्हय?"

"दुसरी जागा हाय कुठं गावात? आन जातीचं म्हणाल तर तसं मनात आणू नका. माझी स्वताची लेक आसती तरी मंडपात ठिवली नसती."

"तुझी लेक मंडपात कशाला आली आसती रं? ती तुझ्या माडीवर पंख्याखाली निजली आसती!"

तो इकडंतिकडं बघायला लागला. आक्कांनी गळ्यातली वीणा उतरवली आणि त्याच्यापुढं धरली. "धर. मी शाळंत निघालोय."

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. "पहारा संपल्याबिगर न्हाय. नेम मोडू नका आक्का."

तेव्हा आक्कांना कळलं की हा माणूस काय करतोय. वीणा त्यांच्या गळ्यात आहे तोवर त्या इथून हलणार नाहीत, हे याला पक्कं ठाऊक आहे. ज्या वीणेसाठी त्या कमिटीशी भांडल्या होत्या, त्याच वीणेला त्यांना बांधून ठेवलं होतं, जसं अण्णासोची म्हैस मेढीला.

त्या बायकांकडं वळल्या. "कुणीतरी धरा गं." एकीनं खाली बघितलं, दुसरी पोराचं नाक पुसायला लागली. दोरीपलीकडच्या बायका तर उठूनच उभ्या राहिल्या होत्या, पण त्यांच्याकडं वीणा कशी द्यायची आणि त्यांनी तरी ती का घ्यायची, हे आक्कांना कळेना. त्यांचा धम्म वेगळा. त्यांच्यापुढं ही अडचण धरणं म्हणजे पुन्हा आपलंच ओझं त्यांच्या गळ्यात घालणं.

आक्का कोपऱ्यात गेल्या. संघप्रियाची घडी घातलेली गोधडी होती, तिच्यावर त्यांनी वीणा आडवी ठेवली. तारांचा एक बारीक झणकार झाला आणि विरला.

बुवा फेटा बांधत होते, त्यांच्या हातातलं टोक तसंच लोंबत राहिलं. मृदंगवाल्यानं डोळे मिटून घेतले. एका म्हातारीनं "अगं बया" म्हणून कपाळावर हात मारला. विजयसिंहाचं तोंड उघडं पडलं ते मिटेना. आक्का स्वतः वाट बघत उभ्या राहिल्या. इतकी वर्षं ऐकलं होतं, वीणा खाली टेकली की काय काय होतं ते. काहीच झालं नाही. आभाळ होतं तिथंच होतं. पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या. त्याचाच आक्कांना सगळ्यांत मोठा हादरा बसला.

ट्रॅक्टरवाला जोतीराम चौकात चेहरा पाडून बसला होता. पहाटे यानंच पोरीला शाळेत नेऊन सोडलं होतं.

"चल शाळंकडं."

"आक्का, अध्यक्ष म्हणले..."

"तुझ्या अध्यक्षाचा शेंबूड मी पुसलाय. चल म्हणतो न्हवं!"

ट्रॉलीत चढून त्यांनी वर्षाराणीला फोन लावला. ती वरच्या गल्लीत आजारी माणसं बघत फिरत होती. "उपकेंद्राच्या सिस्टरला घिऊन शाळंकडं ये. संघप्रिया तिथं हाय."

"शाळेत?" वर्षाराणीचा आवाज चिरकला. "आई, तिला शाळेत कुणी नेलं?"

आक्कांनी ट्रॉलीची कड धरली. मग म्हणाल्या, "मी."

माळावरची शाळा तशी जुनी इमारत, मुलं कधीच नव्या शाळेत गेलेली. व्हरांड्यात म्हशी दाटीवाटीनं बांधलेल्या. शेणमुताचा घोटाभर रबरबाट. आक्का लुगड्याचा काचा मारून त्यातून चालल्या. आतल्या वर्गात वैरणीचे भारे छतापर्यंत रचलेले, आणि त्यांच्या आडोशाला दोन बाकं जोडून त्यावर संघप्रिया. वर प्लॅस्टिकचा कागद बांधलेला, त्यात साठलेलं पाणी बरोबर तिच्या पायाशी ठिबकत होतं. दारात शेवंताबाई काठी घेऊन उभी, एका रेडकाला आत येऊ न देण्यासाठी.

आक्का दारातच थबकल्या. एवढी कीर्तनं ऐकली, एवढे डोळे पुसले, पण डोळ्यांपुढं असं काही आलं तर माणसाला रडूही येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

"आलासा?" शेवंताबाई म्हणाली. "लई निवांत जागा काढलीसा आमच्यासाठी. ही रेडकं तेवढी दंगा करत्यात."

"शेवंताबाई, मी असं म्हणलं न्हवतं गं."

"मग कसं म्हणलासा?"

आक्कांनी ते शब्द मनात पुन्हा म्हणून बघितले. निवांत जागा मिळाली तर बरं. बघ की कुठं जमतंय काय. विजयसिंहानं एक अक्षर इकडचं तिकडं केलं नव्हतं. आणि मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली, जी त्यांनी कालपासून स्वतःलाही सांगितली नव्हती. ते बोलताना त्यांची नजर पोरीच्या पोटाकडं गेली होती आणि काल्याचा दिवस किती लांब आहे हे मनात येऊन गेलं होतं. आलं आणि गेलं. पातेल्यातल्या वाफेसारखं. पण आलं होतं.

संघप्रियानं ओढणी दातांत धरली होती. कळ ओसरली तशी तिनं डोळे उघडले. "आक्का, सुरू झालंय बहुतेक."

"व्हय व्हय. चल बाई, उठ. मंडपात चल. इणा मी खाली ठिवलीया. आता मोडायचं काय उरलं न्हाय."

शेवंताबाईच्या हातातली काठी खाली आली. "इणा खाली ठिवलासा? तुमी?"

"ठिवली. चला आता."

"मी मंडपात येणार नाही," संघप्रिया म्हणाली. आवाज बारीक होता पण स्पष्ट. "तिथं आल्यापासून सगळी माझ्या पोटाकडं बघत होती. आता तर तुमचा सप्ता माझ्यामुळं मोडला असं म्हणतील. मला माझं बाळ कुणाच्या भीतीत जन्माला घालायचं नाही, आक्का." पुन्हा कळ आली आणि तिचं बोलणं तुटलं.

आक्का भांबावल्या. "मग? मग कुठं न्यायची? बोट न्हाय, पूल न्हाय, उपकेंद्रात गुडघाभर पाणी... शाळा तर ही अशी... जोतीराम, दूध संस्थेचा हॉल हाय काय रं मोकळा? का सोसायटीचं गोडाऊन..."

शेवंताबाई त्यांच्याकडं बघत होती. रागानं नाही. नवल वाटल्यासारखी बघत होती.

"आक्का," ती म्हणाली, "तुमास्नी घर न्हाय व्हय?"

"आं?"

"न्हाय, आल्यापास्नं मंडप म्हणतासा, शाळा म्हणतासा, बोट म्हणतासा, आता गोडाऊन म्हणतासा. रोज रात्री जातासा तरी कुठं? आमास्नी वाटलं ह्या बाईला घरच न्हाय."

घर होतं की. देवळाच्या मागल्याच गल्लीत. स्लॅबचं, कोरडं, मुलगा पुण्याला असल्यानं निम्मं रिकामं. रोज त्या घरी निजायला जात होत्या, स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या पांघरुणात, आणि झोपण्याआधी देवाला म्हणत होत्या की त्या मंडपातल्या लेकरांना सांभाळ. विजयसिंहाला त्यांनी माडीवरून टोमणा मारला होता. आणि या सगळ्या दिवसांत त्यांच्या मनात एकदाही, एकदाही आलं नव्हतं, की घर आपल्यालाही आहे. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. कुणी नको म्हणालं नव्हतं. तो विचार आलाच नव्हता. एखाद्या भिंतीला दार आहे हे जन्मभर तिथं राहून कळू नये, तसं.

"घर हाय," आक्का म्हणाल्या. "चल बाई. घरी चल."

जोतीरामनं आणि शेवंताबाईनं धरून पोरीला ट्रॉलीत चढवलं. आक्कांनी खाली वैरण पसरली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. ट्रॅक्टर खड्ड्यातून गेला की संघप्रिया आक्कांचं मनगट आवळायची. बांगडी फुटली, मनगटातून रक्त आलं, पण आक्कांनी हात काढला नाही. वाटेत वर्षाराणीला पुन्हा फोन केला. "शाळंकडं नको. घरी ये."

"कुणाच्या घरी?" वर्षाराणीनं विचारलं, आणि त्या एवढ्याशा प्रश्नानं आक्का दुसऱ्यांदा गार झाल्या. तिच्याही मनात आलं नव्हतं तर.

"आपल्या," त्या म्हणाल्या.

चौकातून जाताना मंडप शांत होता. बुवा दारात उभे होते. ट्रॉली बघून त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

वर्षाराणी आणि सिस्टर दारातच होत्या. सिस्टरनं पोरीचा हात धरला, नाडी बघितली. "वेळ फार नाही. कुठल्या खोलीत घेऊया?"

"परड्यातल्या..." आक्कांच्या तोंडून निघालं.

परड्यातली खोली म्हणजे मागची. सरपण, शेणी आणि जुन्या पत्र्याचे डबे. बाईमाणूस बाहेर बसलं की पूर्वी तिथं बसायचं. ते शब्द त्यांनी विचार करून उच्चारले नव्हते. ते आपोआप आले, जसा ठेच लागली की हात पुढं येतो. एवढं सगळं झाल्यावर, वीणा खाली ठेवून झाल्यावर, एवढा चिखल तुडवून झाल्यावरही ते त्यांच्या आत तसंच बसलेलं होतं, अंग चोरून.

उंबऱ्याशी शेवंताबाई थांबली. तिनं ऐकलं होतं. ती सुनेचा दंड धरून उभी राहिली, जसं मागं फिरायचं असेल तर आत्ताच फिरू.

"न्हाय, न्हाय," आक्का ओरडल्या, आणि आपल्याच आवाजानं दचकल्या. "माझ्या खोलीत. पलंगावर. वर्षाराणी, धुतलेली जुनी लुगडी काढ, सगळी काढ. पाणी ठेव चुलीवर. चल बाई, आत चल."

दार लोटलं गेलं. सिस्टरनं आक्कांना बाहेर थांबायला सांगितलं, तशा त्या सोप्यात भिंतीला टेकून खाली बसल्या. आपल्याच घरात, पाहुण्यासारख्या, पाय आखडून. आत सिस्टरचा आवाज, शेवंताबाईचा आवाज, "सोस बाई, सोस, झालं आता," आणि मधूनच संघप्रियाचा असा आवाज की आक्कांनी दोन्ही हातांनी कान दाबून घेतले, आणि पुन्हा काढले. त्यांच्या ओठांवर नाम येत होतं आणि मधेच अडत होतं. देवाला काय मागावं हेच त्यांना सुचेना. आजवर त्यांना मागता येत होतं.

मग बाळ रडलं. मोठ्यानं, ठसक्यात, मृदंगावर पहिली थाप पडावी तसं.

वर्षाराणी घामानं भिजलेली बाहेर आली. "मुलगी झाली आई. दोघी बऱ्या आहेत. प्रसेनजीत फोनवर रडतोय तिकडं."

आक्का उठायला लागल्या. सून आधार द्यायला पुढं आली, पण त्या भिंतीला धरून आपल्या आपण उठल्या. खोलीच्या दारात शेवंताबाई उभी होती. तिनं दार निम्मंच उघडलं होतं. आतून ऊबदार, ओला वास आला. पलंगावर संघप्रियानं छातीशी धरलेलं एक लहानसं लाल मुटकुळं दिसलं. तिनं मान वळवून आक्कांकडं बघितलं आणि थकल्या डोळ्यांनी जराशी हसली.

आक्कांनी आत पाऊल टाकायला उचललं. शेवंताबाई बाजूला झाली नाही.

"आक्का, येक इचारतो. आत्ताच सांगून टाका." तिचा आवाज हळू होता, पोरीला ऐकू जाऊ नये एवढा. "किती दिस ऱ्हाऊ दिशीला? पाण्यानं घरातनं काढलं, तुमी देवळात आणलं. देवळातनं शाळंत. शाळंतनं हितं. आता बाळंतीण हाय, मांडीवर तान्हं हाय. मधनंच कुठंतरी हलवायचं आसंल, तर आत्ताच हलवा. ह्या पलंगाची सवय लागायच्या आत."

आक्कांना वाटलं आपण काहीतरी मोठं बोलावं. कीर्तनात बोलतात तसं.

"पाणी उतरू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमचं घर वाळू दे. मग कधी जायचं ते तुमी सांगायचं. मी न्हाय सांगणार. माझ्या नावानं दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं, तर त्याला दारातनंच हाकला."

शेवंताबाईनं त्यांच्या मनगटावरचं रक्त बघितलं, शेणानं भरलेलं लुगडं बघितलं, चेहरा बघितला.

"बघू," ती म्हणाली.

आणि दार लावून घेतलं. आक्का तिथंच उभ्या होत्या तोवर आतून कडी सरकल्याचा आवाज आला.